कडबाकुट्टीवाला मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतके आवाजावर प्रेम करणारा माणूस आमच्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि आवाजाने त्या प्रेमाची अशी परतफेडही दुसऱ्या कुणाला केली नाही. हे वाक्य मोठे आहे याची मला कल्पना आहे. माझा जन्म सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेला. आहे त्यात भर घालून सांगणे हा आमच्या धंद्यात गुन्हा मानतात, आणि ती सवय घरीही सुटलेली नाही. तेव्हा पुढचे वाचताना कुणी मनातल्या मनात काही वजा करू नये. जिथे अतिशयोक्ती वाटेल तिथे ती त्या माणसाच्या स्वभावात होती, माझ्या लिहिण्यात नाही.

जानेफळला मावशीचे घर पिठाच्या गिरणीला लागून. आमच्यासारखे पाहुणे दुपारी जरा आडवे झाले की गिरणी सुरू व्हायची आणि आम्ही दचकून उठायचो. हा मात्र गिरणी सुरू असेपर्यंत गाढ झोपायचा आणि ती थांबली की रडत उठायचा. मावशी म्हणायची, "लोकायची पोरं आवाजानं उठते, माह्यं पोट्टं आवाज बंद झाला का उठते." पुढे चालता येऊ लागल्यावर तो दिवसभर आवाजाच्या मागे असे. विजेच्या खांबाला कान लावून उभा राहायचा. सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्र ज्या वावरात जाई तिथे हा मागोमाग, आणि घरी येई तो डोक्यापासून पायापर्यंत भुसकटाने माखून. एसटी गावाच्या वळणावर असतानाच ती मेहकरची आहे की खामगावची हे तो सांगायचा. अंदाज चुकला तर गाडीच चुकीची आली, असे त्याचे म्हणणे असे. मावसाजींची गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला ते पेटी घेऊन बसत आणि त्यांच्या आवाजाला आजूबाजूच्या गावांत मान होता. मुलाला त्यांनी कोरसमध्ये बसवला. पहिल्याच कार्यक्रमात त्याने असा सूर लावला की मुख्य गायक, म्हणजे त्याचा बाप, कुणाला ऐकूच आला नाही. मावसाजी शांत माणूस. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "बाबू, कोरस म्हणजे बैलामागची बंडी. तू बैलाच्या पुढं कायले जाऊन राह्यला?"

त्याने आयटीआयला मोटार वायंडिंग केले, म्हणजे जळालेल्या मोटारीची जुनी तार काढून नवी तार गुंडाळायचे काम. आमच्याकडे त्याला 'मोटार भरणे' म्हणतात. त्या शिक्षणावर त्याला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि खोलीवर गिटार वाजवणारी मुले भेटली. विजेवरची गिटार त्याने आयुष्यात प्रथम हातात घेतली ती वाजवण्यासाठी नव्हे, खोलण्यासाठी. आत चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली पाहून तो ओरडला, "अबे, हे तर मोटारच हाये! फक्त पाणी काढत नाई." झाले. वर्षभरात नोकरी सुटली आणि एक रॉक बँड उभा राहिला. इतर मुलांनी इंग्रजी नावे सुचवली होती. याने नाव ठेवले 'कडबाकुट्टी', गुरांचा चारा कापणाऱ्या खडखडत्या यंत्राचे. पुण्याच्या मुलांना कडबा माहीत नव्हता आणि कुट्टीही, त्यामुळे ते नाव त्यांना फार गूढ वाटले. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे 'काऊन बे'. त्यात तो शाळेला, कारखान्याला, घरमालकाला, पावसाला आणि शेवटी स्वतःलाच एकच प्रश्न विचारतो, काऊन बे, म्हणजे का रे? उत्तर कुणीच देत नाही आणि गाणे संपते. आधी लोक त्याच्या बोलीला हसले. मग हसता हसता गाऊ लागले. मग कॉलेजातली मुले ते दोन शब्द छातीवर छापून हिंडू लागली. मावशीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "हे तर मी तेले रोजच इचारत होती. माह्यं नाव टाकलं का कुठी?"

त्याचा कार्यक्रम मी एकदाच पाहिला, कचेरीच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो तेव्हा. बंद हॉल आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. पहिल्या गाण्यालाच माझ्या चष्म्याच्या काचा थरथरू लागल्या, म्हणून मी बाहेर जाऊन औषधाच्या दुकानातून कापूस आणला आणि दोन्ही कानांत घातला. स्टेजवर माझा भाऊ खांद्यापर्यंतचे केस झटकत नाचत होता, आणि मधेच त्याने गिटार तोंडाशी नेली आणि चक्क दातांनी तारा वाजवू लागला. पोरे वेडी झाली. मला त्याच्या दातांची काळजी वाटली. कार्यक्रम संपल्यावर ते बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "दादा, हातानं तर सगळेच वाजवते." मग त्याचे लक्ष माझ्या कानांकडे गेले आणि तो पोट धरून हसला. "कापूस आपल्या वावरात पिकते दादा, कानात नाई!" मी म्हटले, तू रोज त्या स्पीकरपुढे उभा राहतोस, थोडा तूही घाल. तर म्हणे, आवाजासाठी घर सोडले आणि आवाजालाच दार लावू काय? मी कापूस काढून खिशात ठेवला.

त्या दिवसांत तो गावी आला की जानेफळला जत्रेसारखे व्हायचे. केस पाहून मावशी कपाळावर हात मारायची. "तुह्यासाठी पोरगी पाहू राह्यली होती. आता नवरदेवच पाहा लागते." पण तिच्या फोनमध्ये त्याची सगळी गाणी होती, आणि भाजीवाल्यापासून नर्सबाईपर्यंत जो दारात येईल त्याला ती ऐकावीच लागत. मावसाजी तेवढे काही बोलत नसत. शेवटी एका वर्षी त्यांनीच सुचवले, "औंदा जयंतीले तुह्या पार्टीले घेऊन ये. आधी तुमचं होऊन जाऊ दे. मंग आम्ही म्हातारे बसतो." बापाने त्याच्या बँडला 'पार्टी' म्हटले, यातच याला सर्व मिळाले. सगळी मंडळी स्पीकर, पेट्या, दिवे घेऊन हजर झाली.

आणि त्या संध्याकाळी जे घडले ते आमच्याकडेच घडू शकते. गावठाणाची वीज त्यांच्या यंत्रांचा भार पेलेना. दोनदा दिवे गेले. तेव्हा याने ठरवले की शेजारच्या मळ्यांचा डीपी, म्हणजे ज्यावरून विहिरींवरच्या मोटारी चालतात ते रोहित्र, जास्त ताकदीचे आहे, तिथून वायर ओढू. वायरमनशी ओळख होतीच. कार्यक्रम सुरू झाला. विहारासमोरचे मैदान भरले. म्हातारे, बाया, लेकरे, मळ्यातले सालदार, सगळा गाव. 'काऊन बे' सुरू झाले आणि त्या भाराने डीपीवरची एक फेज उडाली. बँडची वायर दुसऱ्या फेजवर सरकवली, गाणे पुढे चालू राहिले. पण मोटारीला तीन फेज लागतात. दोन फेजवर ती बंद पडत नाही, नुसती कण्हत राहते आणि आतून तापत जाते. मळ्यात माणूस असला की कण्हणे ऐकून बटण दाबतो. त्या संध्याकाळी मोटारी चालू ठेवून सगळे कार्यक्रमाला आले होते, मळ्यात कुणी नव्हते, आणि असते तरी त्या आवाजात काही ऐकू आले नसते. कार्यक्रम फार रंगला. मावसाजींनी नंतर पेटी उघडलीच नाही. म्हणाले, "आता आमचं कोन ऐकते? आज तुहं होऊ दे." सकाळी लोक पाणी सोडायला गेले तर त्या डीपीवरच्या एकूण एक मोटारी जळालेल्या. उन्हाळी भुईमूग आणि कांदा पाण्यावर आलेला.

त्याला तोंडावर कुणी बोलले नाही, हे जास्त वाईट झाले. लोक मोटारी बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये टाकून मेहकरला निघाले होते. हा रस्त्यावर आडवा उभा राहिला. "खाली उतरवा. माह्या आवाजानं जळाल्या, मी भरून देतो." मावशीच्या ओसरीवर मोटारींची रांग लागली. याने केस बांधले आणि आयटीआयमध्ये शिकलेले काम, गिटार हाती धरल्यापासून न केलेले, पुन्हा सुरू केले. बँडच्या गाडीपाशी ड्रम वाजवणारा मित्र थांबून राहिला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. एवढ्या भरल्या का येतो." ते वाक्य तो पुढे बरीच वर्षे म्हणत राहिला. कारण त्या मोटारी संपल्या तेव्हा भुईमूग वाचला होता आणि आसपासच्या गावांतून दुसऱ्या मोटारी येऊन पडल्या होत्या. मग मावसाजी गेले. मग ओसरीचे दुकान झाले. गिटार दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे, वर फडके. कुणी विचारले, पुण्याला कधी? की उत्तर ठरलेले. "एवढ्या भरल्या का."

मेकॅनिक म्हणूनही तो सरळ नव्हताच. मोटारीला तो गवयासारखे वागवायचा. "हे खर्जात गाते, तिले विहीर खोल पाहिजे." "हिचा आवाज बसला, तुम्ही तिले उपाशी चालवता." गिऱ्हाईक घाईत असले तरी मोटार भरून झाली की तो पेचकसाचे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे, टोक मोटारीला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि बराच वेळ तसाच बसायचा. त्याचे समाधान झाल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जात नसे. त्याची एक भरलेली मोटार रोहिणखेडपर्यंत गेली होती. त्या शेतकऱ्याने फोन करून सांगितले की मोटार चालू आहे. "चालू हाये ते ठीक हाये," हा म्हणाला, "मले ऐकव." आणि त्या माणसाला फोन विहिरीत धरायला लावला.

अलीकडे मात्र त्याच्यात एक बदल दिसू लागला होता. तो फार गोड झाला. कुणी काही म्हणो, हा 'हाव', म्हणजे हो, म्हणायचा. जो माणूस जगाला 'काऊन बे' विचारत हिंडला तो आता प्रत्येक गोष्टीला हाव. मोटारसायकल देता का? हाव. मांडवाच्या कमिटीत राहता का? हाव. सोसायटीच्या निवडणुकीला एका पॅनेलने उभे राहता का विचारले, हाव. तासाभराने विरोधी पॅनेलने विचारले, हाव. दोन्ही पत्रकांवर याचा फोटो छापून आला, आणि दोन्ही पॅनेलांनी मिळून त्याला पाडले. गाव म्हणाले, कलावंत माणूस निवला. मावशी तेवढी कुरकुरायची. "माह्या हाकेले ओ देत नाई. आतून आवाज देऊ देऊ थकली. टीव्हीवर आला होता ना एकदा, घमंड हाये अजून." पेचकसाची मूठही आता कानाऐवजी त्याच्या तोंडात दिसू लागली. मूठ दातांत धरून, डोळे मिटून तो मोटारीपुढे उकिडवा बसे. मी समजलो, जुनी स्टेजवरची खोड. हातानं तर सगळेच तपासते.

गेल्या हिवाळ्यात मावशीचा फोन आला. ड्रमवाल्या मित्राने बँडच्या सगळ्यांना परत गोळा केले होते. नव्या पोरांना मोबाईलवर 'काऊन बे' सापडले होते आणि पुण्यात मोठा कार्यक्रम ठरत होता. याच्यावाचून होणार नाही, म्हणून ते रोज फोन करत आणि हा उचलत नसे. संदेशाला उत्तर एकच, मोटारीचा सीझन आहे. "तू ये बापा," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं जातो जातो म्हने. आता बोलावू राह्यले तर जात नाई. त्याचा बाप असता तर त्यानं हाताले धरून बसवला असता गाडीत. तुह्या शब्दाचा मान ठेवते तो."

मी दुपारी पोचलो. दुकानाचे दार अर्धे उघडे होते. मी हाक मारली, पुन्हा मारली, मग आत गेलो. तो पाठमोरा बसला होता. गिटार भिंतीवरून खाली उतरलेली, कसल्याही यंत्राला जोडलेली नाही. गिटारीचा वरचा लाकडी कोपरा त्याने दातांत घट्ट धरला होता आणि तो वाजवत होता. मला ऐकू येत होता फक्त तारांचा कोरडा किणकिणाट, डब्यात सुया हलवल्यासारखा. पण त्याचे खांदे हलत होते, मान हलत होती. जिथे टाळ्या पडायच्या त्या जागी तो थांबलाही. मी पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो असा दचकला की लाकडावर दात आपटले.

"कधीपासून?" मी विचारले. तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहत होता. तेव्हा मला सगळे हाव एकदम समजले.

"लय दिवस झाले," तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. "अकोल्याले दाखवलं. डॉक्टर म्हणे नसा गेल्या, मोठ्या आवाजानं. मशीन देली. ते लावली का सगळं ताटल्या पडल्यावानी येते, म्हणून ठेवून देली. दातानं जरासं येते. जाड तारा येते. बारक्या तारा..." त्याने हात हलवला. "मायले सांगू नको. ते मले घमंडी समजते ते बरं हाये."

मी म्हटले, मित्रांना तरी खरे सांग. त्यावर अचानक त्याच्या चेहऱ्यावर जुना पोऱ्या दिसला, खांबाला कान लावणारा. "दादा, एक काम कर. मी वाजवतो. तू सांग सुरात हाये का. तू म्हटलं हाव, तर मी जातो पुण्याले. बाकीचे लोक माह्यं मन राखते. तू हिशेबाचा माणूस, तू राखणार नाई."

त्याने 'काऊन बे' वाजवले, दात लाकडावर, डोळे मिटून. मला गाण्यातले काही कळत नाही, पण सर्वांत बारीक तार उतरलेली होती हे मलाही कळत होते. जिथे जिथे ती यायची तिथे गाणे लंगडायचे, आणि तो नेमका तिथेच मान डोलवायचा. गाणे संपले. त्याने डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिले. मी, ज्याने कधी कुणाच्या ताळेबंदात काही खपू दिले नाही, म्हणालो, "हाव. सुरात आहे."

तो पाहत राहिला. मग हसला. "दादा, तुले जमत नाई रे. तुहं तोंड दोन फेजवर चालून राह्यलं." गिटारीवर फडके टाकून त्याने ती पुन्हा खिळ्याला टांगली, आणि चहा सांगायला आत गेला. मावशीने त्याला हाक मारली नाही, हे मी तेव्हा पाहिले. तिने ओट्यावर पाटा जोरात सरकवला, जमीन हादरली आणि तो वळला. तिला किती ठाऊक होते हे मी विचारले नाही. दोघेही एकमेकांपासून लपवत होते आणि दोघांचेही बरे चालले होते.

कार्यक्रम त्याच्यावाचून झाला. त्याच्या जागी एक तरुण मुलगा गायला. ड्रमवाल्याने त्याचे चित्रण पाठवले, आणि भावाने मला संदेश धाडला, रविवारी ये, सोबत पाहू. त्यात एक अडचण होती, जी फक्त त्याच्याच बाबतीत येऊ शकते. फोन डोळ्यांसमोर धरला की ऐकू येत नाही, आणि दातांत धरला की दिसत नाही. त्याने आधी फोन दातांत धरला आणि अख्खे गाणे डोळे मिटून ऐकले, लाळ पुसत पुसत. "ढोल चांगला वाजवला लेकानं," म्हणाला. मग तेच गाणे पुन्हा लावून, फोन समोर धरून पाहिले. शेवटी शेवटी पडद्यावर प्रेक्षकांची गर्दी आली, अंधारात हजारो तोंडे एकदम उघडमीट करणारी.

"हे लोकं नुसते वरडू राह्यले," त्याने विचारले, "का गाऊन राह्यले?"

ते गात होते. सगळे. तो नवा मुलगा माइक त्यांच्याकडे करून गप्प उभा होता, आणि काऊन बे, काऊन बे एवढेच ऐकू येत होते.

"हाव," मी म्हणालो. "गाऊन राह्यले."

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले, मोटार दुकानाबाहेर सोडण्याआधी तपासतो तसे. समाधान झाले असावे. फोन त्याने पुसून खिशात ठेवला, पेचकस उचलला आणि दारात येऊन थांबलेल्या शेतकऱ्याला म्हणाला, "आण इकडं. काय म्हन्ते मोटार?"